रविवारच्या दोन चिठ्ठ्या

प्रिय अर्पिता,

एकाच घरात राहणाऱ्या बापानं लेकीला पत्र लिहावं, हे बघून तुला हसू येईल. आलं तर बरंच. तुला हसताना बघून किती दिवस झाले, आठवत न्हाय. उद्या सकाळी हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. उमरग्याच्या काळी-पिवळीत वाचू नकोस, दुपारी दवाखान्यात जेवण उरकलं की वाच. तोंडानं सांगायला परवापासून तीनदा तुझ्यासमोर बसलो. तिन्ही वेळा भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोललो. मीठ बरोबर होतं.

डोंगरातल्या त्या मिशनच्या दवाखान्यानं तुला पुन्हा बोलावलंय, तेही मोठी सिस्टर म्हणून. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. त्यांचं पत्र तू माझ्यापुढं ठेवलंस, वहीचं पान फाडून त्याचे दोन तुकडे केलेस आणि म्हणालीस, मागच्यासारखंच करू पप्पा, तुम्ही लिहा, रविवारी उपासनेनंतर मी उचलते, माझं काही म्हणणं न्हाय. आणि भांडी घासायला गेलीस. जायचं की राहायचं, उभ्या जन्माची गोष्ट, अन् तू ती दूध आणायला सांगावं तशी सांगितलीस.

कसली हट्टी कार्टी होतीस गं तू! बारावीनंतर नर्सिंगलाच जाणार म्हणून दोन दिवस जेवली नव्हतीस. मी शाळेतून आलो की माझ्याकडं पाठ करून बसायचीस. शेवटी तुझी आईच म्हणाली, मास्तर, शाळेतल्या पोरांना हरवा, हिच्यापुढं तुमचं काही चालायचं न्हाय. तीच तू आता दुकानात साडी कुठली काढू विचारलं तर म्हणतेस, कुठलीही द्या. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या दैवशालाकाकू पोरींना सांगतात की समर्पण बघावं तर अर्पिताचं. पाळकसाहेबांनी उपदेशातसुद्धा तुझं नाव घेतलं. पूर्वी ऐकून छाती भरून यायची. आता काहीच होत न्हाय. तुझी आई गेल्यापासून मला कशाचंच काही होत न्हाय. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत न्हाय ना, तसं सगळ्या अंगाचं झालंय. लोहाऱ्याच्या स्टँडवर जाऊन बसतो, गाड्या येतात-जातात, उठून घरी येतो. तिच्या आठवणीनं रडूसुद्धा आलं न्हाय, हे तू बघितलंसच.

नऊ वर्षांपूर्वीचं तुला सगळं आठवत असेल. त्या वेळी याच दवाखान्यातून बोलावणं होतं, आणि रणधीरही होता. तो तिथं औषधं द्यायच्या कामावर रुजू होणार होता. लग्न करून दोघांनी मिळून तिथं सेवा करायची, असं तुमचं ठरत आलं होतं. आईचं डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं. आपल्या मंडळीत आजोबांच्या वेळेपासूनची रीत, मोठा प्रश्न आला की तीन दिवस उपास करायचा, दोन चिठ्ठ्या लिहून गायनपुस्तकात ठेवायच्या, प्रार्थना करायची आणि ज्याचा प्रश्न त्यानं एक उचलायची. दुसरी न उघडता चुलीत टाकायची. मंडळीचा पंच म्हणून लिहायचं काम माझंच. तुझ्या चिठ्ठीत ‘राहा’ आलं. तू ती कपाळाला लावलीस. रणधीरला फोनही तूच केलास, आमच्यासमोर, अगदी शांतपणे. वर्षभरात त्याचं दुसरीकडं लग्न झालं. तू उमरग्यात नोकरी धरलीस आणि सहा वर्षं आईचं सगळं केलंस, हागणं-मुतणंसुद्धा. एकदाही कुरकुर न्हाय. मला वाटायचं, कुरकुर तरी कर गं बाई.

दोन गोष्टी तू मला विचारल्या होत्यास आणि मी दोन्ही वेळा थाप मारली. एक म्हणजे, घरात मी प्रार्थना संपवली की आई आमेन का म्हणत न्हाय. मी म्हणालो, दमते ती. दुसरी, प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की नेमका तेव्हाच मला खोकला कसा येतो. मी म्हणालो, खडूची धूळ, आयुष्यभराची. खडू हातातून सुटून अकरा वर्षं झाली, पोरी.

आता ऐक. तुला राहायला लावलं ते प्रभूनं न्हाय. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ‘राहा’च लिहिलं होतं. आजारी बायको आणि रिकामं घर, याची मला भीती वाटली. दुसरी चिठ्ठी चुलीत टाकायची धांदलीत राहिली, ती सदऱ्याच्या खिशात आईला सापडली. तिनं वाचली, घडी घातली, माझ्या हातात दिली. तूही तिला जवळ हवी होतीस, त्यामुळं तिचं तोंड बांधलं गेलं. पण माझ्या प्रार्थनेला आमेन मात्र तिनं मरेपर्यंत म्हटलं न्हाय. तू आपली इच्छा देवाच्या पायाशी ठेवलीस, आणि मधल्यामधे ती मी उचलून खाल्ली. हे सांगितल्याशिवाय मरायचं न्हाय, असं ठरवून आज सकाळी तू गेल्यावर नव्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. म्हटलं, या वेळी तरी खऱ्या लिहू. पहिलीवर ‘राहा’ लिहिलं. दुसरी पुढं ओढली, आणि अर्पिता, हातानं तिच्यावरही ‘राहा’च लिहिलं. सत्तरी आली तरी सुधारलो न्हाय. दोन्ही सोबत ठेवल्यात, उघडून बघ. रविवारी चिठ्ठी उचलायची न्हाय. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत प्रभू येशूनंसुद्धा आधी आपल्याला काय हवं ते आकाशातल्या बापाला सांगितलं, घाम गाळून सांगितलं, आणि मग त्याच्या इच्छेवर सोडलं. तूही आधी तुझं मागणं सांग, मोठ्यानं सांग, माझ्या तोंडावर सांग. जाते म्हणालीस तर ट्रंक मी माळ्यावरून काढून देईन. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण तेही मागायचा मला हक्क न्हाय. रविवारी तुझ्या शेजारी बसून ती ओळ न खोकता म्हणून बघणार आहे.

तुझाच, तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
पप्पा