होड्यांचा डबा

सोमवार, ३ मार्च

कॉम्प्युटर आमच्या घरी आणून ठेवलाय. का, तर बेटावर सगळ्यांत मोठी बॅटरी आमची. त्याला वायरींनी तीन वस्तू लटकवल्यात — माउस, हवेचा अंदाज छापणारा प्रिंटर आणि होड्यांचा डबा. समुद्रात कुणी अडकला की त्याने होडीवरचं बटण दाबायचं. इथे डबा शिटी मारतो, पडद्यावर होडीचा नंबर येतो.

मारली तर शिटी! गेल्या वर्षी मारली नाही. तेव्हा हे बिऱ्हाड दुसऱ्यांकडे होतं. माझा नवरा केपू बटण दाबून दाबून दमला आणि दोन दिवस वाहत गेला. फेरीबोटीला दिसला म्हणून आज जेवायला आहे.

सगळं जोडून नात लुसी राजधानीला परत गेली. जाताना म्हणाली, "आजी, रोज काय होतं ते या वहीत लिही, मी फोनवर विचारीन." तिसरी शिकलेल्या बाईला वही! लिहीन. दाखवणार नाही.

गुरुवार, ६ मार्च

केपूला खडकांच्या रांगेपर्यंत पाठवलं, म्हटलं, दाब बटण. दाबलं. डबा ढिम्म. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तो जागा झाला, डब्याचा दिवा लागला, मग शिटी.

म्हणजे गेल्या वर्षीचा चोर सापडला! पंधरा मिनिटं हात लावला नाही की हा कॉम्प्युटर झोपतो. झोपतो तो झोपतो, लटकलेल्या सगळ्यांची वीज तोडून झोपतो. सासू आडवी झाली की घरातल्या सगळ्यांची ताटं उचलायची — तसली तऱ्हा.

लुसी फोनवर म्हणाली, "मग त्याला झोपूच देऊ नकोस." कुठे काय दाबायचं ते सांगितलं. दाबलं.

शनिवार, ८ मार्च

झोपला नाही. सकाळपर्यंत बॅटरी मेली. फ्रीजरमधले मासे पाणी-पाणी. शेजारीपाजारी वाटून टाकले. शेजारीण विचारते, "पुन्हा कधी बंद पडणार गं?"

सोमवार, १० मार्च

पुन्हा झोपू दिला. पण केपू समुद्रावर असतो तेवढा वेळ जागा ठेवते. माउसला दोरी, दोरी पायाच्या अंगठ्याला. चटई विणता विणता अंगठा हलतो, माउस हलतो, कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी काम करतंय. करतंयच की!

केपूच्या डोळ्यांत ढग आलेत. किनारा धूसर दिसतो. डॉक्टर म्हणाला, समुद्र सोडा. तेव्हा कानही गेले म्हाताऱ्याचे.

मला म्हणतो, "माझ्यासाठी अंगठा झिजवतेस होय?"

म्हटलं, "तुझ्या मयताच्या जेवणाला पुरतील एवढी डुकरं नाहीत यंदा."

मंगळवार, ११ मार्च

अंगठा सुजला.

गुरुवार, १३ मार्च

लुसीने तासभर फोनवर डोकं खाल्लं. मी तिचं खाल्लं. पण जमलं.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक वस्तूचं वेगळं पान आहे. पानावर दोन चौकोन. पहिला — झोपताना हिची वीज तोडावी. दुसरा — हिने कॉम्प्युटरला उठवावं. जे हवं तिथे खूण करायची. प्रिंटरची वीज तोडली. माउसचीही तोडली, अंगठ्याचा सूड. डब्याची राखली आणि उठवायचा हक्क त्याला एकट्याला दिला. आता कॉम्प्युटर घोरतो, डबा चिमूटभर वीज खात जागा बसतो.

केपूने खडकांवरून बटण दाबलं. कुणी हात न लावता पडदा उजळला. शिटी! माझ्या हातातलं पातेलं पडलं. बॅटरी सकाळीही भरलेली.

शनिवार, १५ मार्च

पाद्री तोमासी आला. म्हणे, "रविवारी कुणी समुद्रावर जात नाही. मग डब्यानेच का राबावं? त्यालाही विसावा दे. आज वीज तोडायची खूण कर, सोमवारी पूस."

नाही कसं म्हणणार? रविवारी धुणं वाळत घातलं म्हणून शेजारणीला भर चर्चमध्ये मीच झापलं होतं. म्हटलं, "बरं, पाद्रीबाबा."

तर कोपऱ्यातून केपू, "खरंय हं पाद्रीबाबांचं. डबा बिचारा थकला असेल."

एकोणपन्नास वर्षांत हा माणूस पाद्रीच्या बाजूने एकदा बोललेला नाही!

संध्याकाळी पाद्रीला निरोप पाठवला — डबा झोपवला. आज शनिवार आहे, खोटं चालतं.

झोपवला नाही.

रविवार, १६ मार्च

प्रवचन आखूड. उमूतलं, तापल्या दगडांच्या खड्ड्यात शिजलेलं जेवण झालं, सगळा गाव आडवा. केपूही, डोक्यावरून पांघरूण घेऊन.

दोन वाजून वीस. कॉम्प्युटर आपणहून जागा. शिटी. होडी नंबर एक — पाद्रीची!

पळत त्यांच्याकडे गेले. पाद्रीण सालोमे दारातच, "हळू बोला, झोपलेत." आत जाऊन पांघरूण ओढलं. उशा. घरी येऊन केपूचं ओढलं. उशा! त्याही माझ्या.

शेजारणीची होडी घेऊन मी आणि सालोमे निघालो. रविवारी. अख्खा किनारा बघत होता. खडकांच्या पार इंजिन बंद पडलेलं, होडी अर्धी पाण्याने भरलेली. मासे धरायचे गळ बाजूला ठेवून दोघं म्हातारे चर्चच्या दानपेटीने पाणी उपसत होते. सालोमे परत येईपर्यंत अक्षर बोलली नाही. मी तिच्या वाटचंही बोलले.

सोमवार, १७ मार्च

पाद्री आला. दारात उभा, मान खाली. म्हणे, "बटणाला चुकून धक्का लागला तर गावाला कळेल, म्हणून डबा झोपव म्हटलं. मला खरंच वाटलं होतं, तू झोपवलास."

म्हटलं, "मग बटण कशाला दाबलंत?"

आतून केपू ओरडला, "मी सांगितलं दाबा म्हणून! म्हटलं, ती नाही झोपवायची."

आणि डॉक्टर म्हणतो, याला दिसत नाही.