एकतीस फोटो आणि एक रोल

१८ जानेवारी, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. स्टुडिओत भिंगं पुसत होतो, ती बाजूला ठेवून लिहायला बसलो.

प्रिय ताई,

आईला जाऊन आज नऊ दिवस झाले. तू रोज फोनवर विचारतेस, तिचे फोटो कधी पाठवतोस. मी म्हणतो, धुवायचे आहेत. फोनवर खरं सांगायला तोंड उघडत नाही.

डिसेंबरात तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवून मी डिजिटल कॅमेऱ्यावर एकतीस फोटो काढले. कॅमेरा स्टँडवर, फोकस तिच्या डोळ्यावर. ती म्हणाली, "अरे, मी काय पूल आहे, मोजमापं घेत बसलास ते? दाब की एकदाचं." संध्याकाळी मोठ्या पडद्यावर पाहिले. कुठे खिडकी पांढरीफटक झालेली, कुठे कमी उजेडामुळे चेहरा दाणेदार आलेला, कुठे ती खोकल्यामुळे हललेली. एकेक करून सगळे पुसले. त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी एका लग्नाचे चारशे फोटो काढले, त्यामुळे ते आता परत मिळत नाहीत.

फिल्मवर चेहरा मऊ येतो, उजेडही सांभाळला जातो, म्हणून स्टुडिओच्या मालकांकडून जुना कॅमेरा आणि एक रोल मागून आणला. छत्तीस फोटो. तेव्हा तिला धड बसवत नव्हतं, दोन उशा लावल्या. "ताईला सांग, मी बरी दिसते," एवढंच बोलली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रोल धुवायला घेतला. आधी डेव्हलपर ओतायचा, त्याने चित्र उमटतं. मग फिक्सर, त्याने ते टिकतं. सात वर्षं हेच करतोय. त्या दिवशी पाण्याचं तापमान तीनदा मोजलं, घड्याळ लावलं आणि आधी फिक्सरचीच बाटली ओतली. उमटण्याआधीच सगळं धुऊन गेलं. पट्टी काचेसारखी कोरी निघाली. मालकांनी दिवा लावला.

दिवाळखोरासारखं मागतो आहे, रागावू नकोस. नोव्हेंबरात तिने माझ्या मोबाइलवरून तुला स्वतःचा एक फोटो पाठवला होता, आठवतो? अर्धं कपाळ कापलेलं, हललेला, मागे दिव्याचा पिवळा डाग. मीच तुला कळवलं होतं, असला कचरा ठेवू नकोस, पुसून टाक. माझ्याकडचा मी तेव्हाच पुसला. ताई, तू माझं ऐकलं नसशील, तर तो मला पाठव.

तुझाच,
धाकटा