लाल पेटीतली चार काडतुसं

अण्णा, तुमच्या कामावरच्या शर्टाचा वास मला गेल्या नोव्हेंबरात पुन्हा आला. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी इथं व्हर्जिनियात, हर्नडनला, नातवंडांचा आजोबा होऊन बसलोय. तो वास कुठला ते लहानपणी मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी तुम्ही सायकल भिंतीला टेकवायचात, आई शर्ट घेऊन वेगळ्या बादलीत टाकायची, आणि ओसरीवर काहीतरी जळल्यासारखा, थोडा लोखंडी, थोडा लसणासारखा वास रेंगाळायचा. काडतुसांच्या कारखान्यात तुम्ही तपासणीला होतात, एवढंच आम्हाला ठाऊक. आत काय चालतं ते घरी सांगायचं नाही, असा तिथला नियम होता, आणि नियम म्हटला की तुम्ही तो पाळणारच. मला तरी कुठे ऐकायचं होतं! माझ्या डोक्यात तेव्हा शाळेतल्या कविता. मराठीच्या मास्तरांनी वृत्तं शिकवली होती आणि मी चालताना, जेवताना, आंघोळीच्या तांब्यावर ताल धरून लघू-गुरू मोजत असे. तुम्ही घरी आलात की मला वाटायचं, हे एवढं सुंदर जग बाहेर असताना हा माणूस दिवसभर एकासारख्या एक काडतुसांपुढे कसा बसत असेल?

एकदा मी ते बोलूनही दाखवलं. सतरा वर्षांचा होतो, अकरावीचा निकाल लागला होता. तुम्ही म्हणालात, कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा आहे, शब्द टाकतो. मी ताटावरून मान वर न करता म्हटलं, "त्यात शिकायचंय काय? सगळी एकासारखी एक." आई पोळी लाटता लाटता थांबली. तुम्ही रागावला नाहीत. पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, "एकासारखं एक आपोआप होत नसतं रे." बस. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकण्याची गोष्ट काढली नाहीत आणि मी इंजिनियर होऊन, पूल बांधत बांधत, इथवर आलो.

आता ज्याच्यामुळे हे सगळं वर आलं, त्या माणसाबद्दल सांगतो. आमचा शेजारी. पंचाहत्तरीचा, पेन्सिलव्हेनियाच्या डोंगरातला, पूर्वी छापखान्यात होता. अंगणातला बर्फ उपसताना मी काहीबाही पुटपुटतो, म्हणून मला 'प्रोफेसर' म्हणतो. आमच्या मुलाच्या बायकोला आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या आणि घरी गाडी चालवणारं कुणी नव्हतं, तेव्हा हाच जेवणावरून उठून आला होता. दर दिवाळीला तुमची सून त्याच्याकडे चिवड्याचा डबा पाठवते, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे कुठून तरी शिकून तो त्यात सफरचंदं घालून आणून देतो. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मीठ बंद झालं. ही म्हणाली, "चिवडा नको, पण दिवाळीचं रिकाम्या हाताने कसं जायचं त्यांच्याकडे?" मला आठवलं, तो सारखा कुरकुरत होता की त्याच्या बंदुकीची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालीत. तीस वर्षं त्याने एकच लाल पेटी वापरली, ती येणंच बंद झालं. हरणाचा हंगाम तर तोंडावर आला होता. मी नंबर लिहून घेतला आणि दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कुठल्या कंपनीची?" मी म्हटलं, "नंबर हा, गोळीचं वजन हे. कुठलीही द्या. सगळी सारखीच." तो म्हणाला, "ते बंदुकीला विचारा." मला वाटलं, गंमत करतोय. हिरवी पेटी घेतली, वर लाल रिबीन बांधून घेतली. हिने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, फराळाच्या जागी काडतुसं? शेजारी आहेत की वैरी?"

तो मात्र हरखला. पेटी दोन्ही हातांत धरून म्हणाला, "प्रोफेसर, हंगामाचा पहिला दिवस तुझ्या पेटीचा." मी तेव्हाच पाहिलं, पेटी हलत होती. इस्पितळातून आल्यापासून त्याच्या बोटांना कंप होता. त्यानेच सांगितलं की तरुणपणी एकदा त्याच्या हातून हरीण नुसतं जखमी झालं होतं. तीन दिवस तो रक्ताच्या थेंबांमागे हिंडला आणि ते सापडलं नाही. तेव्हापासून त्याची स्वतःशी बोली होती, ज्या दिवशी हात भरवशाचा राहणार नाही त्या दिवशी बंदूक खाली. म्हणून हंगामाच्या आधीच्या शनिवारी तो नेमबाजीच्या मैदानावर हात पाहायला निघाला आणि मला म्हणाला, चल.

डोंगराच्या पायथ्याशी ते मैदान. लाकडी टेबलं ओळीने, समोर शंभर यार्डांवर कागद लावलेले, मागे मातीचा बांध, आणि त्यामागे पानं झडलेला निळसर डोंगर. शिट्टी झाली की सगळ्यांनी बंदुका रिकाम्या, उघड्या ठेवून मागे सरायचं, मग पुढे जाऊन कागद बघायचा. पहिला बार झाला आणि अण्णा, तुम्ही आलात. तुमचा शर्टच कुणी माझ्या नाकाशी धरल्यासारखा. इतकी वर्षं तो वास ओसरीवर सोडून मी निघून गेलो होतो आणि तो इथं अमेरिकेतल्या डोंगराखाली माझी वाट बघत होता. मी खांबाला धरून उभा राहिलो.

शेजाऱ्याने वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून हिरव्या पेटीतली तीन काडतुसं झाडली. दुर्बिणीतून पाहिलं तर मधल्या ठिपक्याच्या खाली, डावीउजवीकडे, तळहाताएवढ्या जागेत तीन भोकं विखुरलेली. बंदूक निवू दिली, पुन्हा तीन. तसंच. तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसला. मग दस्ता पुसत म्हणाला, "झालं. संपलं माझं, प्रोफेसर. ही आता भाच्याला देऊन टाकतो." आवाजात तक्रार नव्हती. पेटीला तर एक शब्दही नाही. मित्राने दिलेली पेटी, तिच्याविषयी तो काय बोलणार?

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतंय. आई विषमज्वरातून उठलीय, सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा चुलीपुढे बसलीय. परातीत ज्वारीचं पीठ, आणि थापलेली प्रत्येक भाकरी उचलताना मोडते आहे. तीन मोडल्या तेव्हा तिने परात सरकवली आणि पदर डोळ्यांना लावला. "हात गेला माझा. आता मेलं कशाला उठले." तुम्ही कारखान्यातून नुकते आला होतात. पाटावर बसलात, पिठाची चिमूट बोटांत चोळलीत. म्हणालात, "हे कुठलं पीठ?" नवं, परवा दळून आणलेलं. "जुन्या डब्यात तळाशी काही आहे? त्याची एक टाक बरं." ती म्हणाली, उगाच पीठ कशाला वाया घालवायचं. तुम्ही म्हणालात, "टाक तर. तोच हात, तोच तवा, बदल फक्त पिठात. मग ठरवू दोष कुणाचा." जुन्या पिठाची भाकरी चंद्रासारखी गोल उचलली गेली आणि टम्म फुगली. नव्या ज्वारीला विरीच नव्हती, चिकटून राहण्याचा गुण नव्हता. आई रडता रडता हसली. त्यानंतर आपल्या घरात नवं पीठ जुन्यात कधी मिसळलं नाही. आधी एक भाकरी टाकून बघायची रीत पडली, ती रीत माझी बायको इथंही पाळते. तेव्हा मला वाटलं होतं, काय हा माणूस, भाकरीचीही तपासणी करतो!

मी शेजाऱ्याला म्हटलं, "लाल पेटीतली किती उरलीत?"

"चार."

"त्यातली तीन मार."

"डोकं फिरलंय का? ती दुकानात मिळत नाहीत."

"तेच हात, तीच बंदूक. बदल फक्त काडतुसात. मग ठरवू."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बंदूक निवेपर्यंत वाट पाहिली आणि एकेक श्वास सोडत तीन बार केले. शिट्टी झाली. दुर्बिणीवर त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून आम्ही दोघे म्हातारे गवतातून चालत कागदापर्यंत गेलो. अण्णा, ठिपक्याच्या अगदी वर तीन भोकं होती, एका रुपयाखाली तिन्ही झाकली गेली असती. तो भोकांवरून अंगठा फिरवत राहिला. अंगठा कापत होता आणि भोकं मात्र जिथल्या तिथे होती.

"म्हणजे माझी पेटीच वाईट," टेबलाशी परत आल्यावर मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. त्यांची बंदूक त्याच नंबरची होती. नळीवरचा आकडा आणि पेटीवरचा आकडा दोनदा ताडून त्यांनी माझ्या हिरव्या पेटीतली तीन काडतुसं झाडली. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून! नंबर तोच, गोळीचं वजन तेच. आतली दारू निराळी, गोळीची घडण केसभर निराळी, आणि प्रत्येक नळी तिच्या परीने थरथरते. ज्या काडतुसाने एका बंदुकीत पांगापांग केली तेच दुसरीत असं एकवटलं. कुणी खोटं नाही, कुणी वाईट नाही. मास्तरांनी शिकवलेलं वृत्त आठवलं. गण तेच, अक्षरं तितकीच, तरी एक ओळ एका गळ्यात अडखळते आणि दुसऱ्याच्या गळ्यात न्हाऊन निघते. मी आयुष्यभर ज्या आश्चर्यापुढे हात जोडत आलो, ते तुम्ही रोज आठ तास मोजत होतात. आणि मोजून, काडतुसांच्या एका खेपेला दुसरीसारखं करत होतात. आपोआप होत नसतं रे!

"तुला कसं सुचलं, प्रोफेसर?" परतताना त्याने विचारलं.

इथं कुणी विचारलं की मी सांगत असे, वडील सरकारी नोकरीत होते. त्या दिवशी म्हणालो, "माझे वडील काडतुसं तपासायचे. हेच काम."

"नेमबाज असतील मग. कसे मारायचे?"

"पाहिलं नाही कधी," मी म्हटलं.

हंगाम लागला तेव्हा तो लाल पेटीतलं उरलेलं एकच काडतूस घेऊन डोंगरात गेला. मी म्हटलं, एक कसं पुरेल? तो म्हणाला, "एकच असलं की माणूस नीट बघतो." दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. आदल्या दिवाळीचा आमचा डबा त्याच्याकडे राहिला होता, तो घेऊन आला होता, आणि डब्यात झाडलेल्या काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी. "जागच्या जागी पडलं," तो म्हणाला. "एक पाऊलही टाकलं नाही." हिने डबा घेतला आणि हात जोडले, त्याला की त्या हरणाला, मी विचारलं नाही. ती पुंगळी आता माझ्या टेबलावर असते. वास हळूहळू जातोय. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. घडी घालून त्या डब्यातच ठेवणार आहे.

एक मात्र राहिलं. कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना आत न्यायचा दिवस असे. मी शाळेत असताना एका वर्षी तुम्ही माझ्या नावाचा पास काढला होतात, नवा शर्टही शिवून घेतला होतात माझ्यासाठी. सकाळी मी पांघरूण घेऊन पडून राहिलो. तुम्ही कपाळावर हात ठेवलात, जरा जास्तच वेळ, आणि पास उशाशी ठेवून एकटे गेलात. तुम्ही वळणावर दिसेनासे झालात तसा मी उठलो आणि तोच नवा शर्ट घालून शाळेत कवितावाचनाला गेलो. अण्णा, त्या दिवशी मला ताप नव्हता. तुमच्या हाताला ते कळलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.