तबेल्याच्या कडीची खीळ

डक नदीकाठ, टेनेसी
१५ नोव्हेंबर २०१९

प्रिय ऑर्विस,

नाताळच्या कार्डाशिवाय आपण लिहीत नाही, म्हणून दचकू नकोस. तुझ्या लेकीनं ऑपरेशनचं कळवलं. जपून राहा. खोक्यात अंगणातल्या झाडाचे पेकान आहेत, अक्रोडासारखे फोडून खा. खालची पुडी मात्र पत्र संपल्यावरच उघड.

तीस वर्षं मी मेटल डिटेक्टर घेऊन रानं पालथी घालतोय. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला यादवी युद्धाच्या गोळ्यांचं वेड लागलंय. म्हणोत बापडे.

आपल्या जुन्या शेताच्या नव्या मालकानं यंदा कुठे परवानगी दिली. तबेल्यामागच्या उतारावर वीतभर लोखंडी खीळ सापडली. चौकोनी, हातोड्यानं ठोकलेली, डोक्याला कडं. दर गुरुवारी आम्ही डिटेक्टरवाले हॉटेलात जमतो, सापडलेली वस्तू टेबलावर ठेवतो आणि जो तो तिचं साल सांगतो. काल सगळे ओरडले, "घोडदळाची! घोडा बांधायची खुंटी!"

ऐंशी वर्षांच्या मिस वर्नानं भिंग काढलं. "कड्याचा सांधा बघा. विजेचं वेल्डिंग आहे. अठराशे साठच्या दशकातल्या त्या युद्धात वीज कुठून आणलीत? ही एकोणीसशे पन्नासच्या पुढची, कुणा शेतकऱ्यानं घरी केलेली."

"डेन्टन, तुझं घोडदळ ट्रॅक्टरवर बसून आलं वाटतं!" हॉइट म्हणाला. मीही हसलो.

साल मला पक्कं ठाऊक होतं. १९५८. तू सांडशीत कडं धरलं होतंस आणि बाबा माझ्यावर ओरडत होते, "डोळे मीट रे, आंधळा होशील!"

पुढच्या वर्षी आपली घोडी, जूनी, सुटून रेल्वेखाली गेली. तू शंभरदा सांगितलंस, "कडी लावून खीळ घातली होती." बाबा म्हणाले, "घातलीस, तर गेली कुठे?" सतराव्या वर्षी तू घर सोडलंस, तो बाबांच्या मातीलाही आला नाहीस.

ऑर्विस, खीळ मी काढली होती. जूनीला सफरचंद द्यायला. परत घालायला विसरलो. बाबांचा आवाज चढला तेव्हा ती माझ्या खिशात होती. मागे जाऊन उतारावर भिरकावली. नऊ वर्षांचा होतो, असं स्वतःला सांगत आलो. पण बाबा गेले तेव्हा एकतीसचा होतो, आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही. फार लाज वाटते. तीस वर्षं मी गोळ्या शोधत नव्हतो.

काल हसणं ओसरल्यावर टेबलावर सगळं सांगितलं. वस्तूला बांधायची चिठ्ठी मिस वर्नानं पुढे सरकवली. "मग नीट लिही," एवढंच म्हणाली.

मी लिहिलं: "तबेल्याच्या कडीची खीळ. १९५८. ऑर्विसनं घातली होती. डेन्टननं काढली."

आता पुडी उघड.

तुझा धाकटा,
डेन्टन