वल्लरीची गांधीलमाशी

टूसॉन, ॲरिझोना

प्रिय मालिनी,

सुखरूप पोचलो. तुझा गुडघा कसा आहे?

सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आपली वल्लरी काय करते, ते आज म्युझियममध्ये पाहिलं. लाखो वर्षांनी इथल्या वाळवंटात कशी गांधीलमाशी असेल, ते कल्पून तिने शिल्प घडवलंय. ऊन परतवणारी चंदेरी लव, तापल्या वाळूसाठी उंच पाय, आणि नांगी अशी, की मी नकळत मागे सरकलो.

अभ्यासासाठी पकडलेली खरी गांधीलमाशी तिला डसली होती. सूज उतरतेय, काळजी नको.

मी विचारलं, "तेव्हा माणसं असतील?"

"माहीत नाही, बाबा. ही मात्र असावी."

मी पुन्हा पुढे सरकून ती नांगी जवळून पाहिली.

वर्षभर तू तिच्याशी धड बोलली नाहीस. आज फोन कर. नांगीबद्दल विचार, तासभर सांगेल.

तुझा,
सत्यजित