अंगणातली पाटी

ओहायो, ४ डिसेंबर

प्रिय वर्नेटा,

रविवारी चर्चमध्ये तू सगळ्यांपुढे माझे आभार मानणार आहेस म्हणे. कृपा करून मानू नकोस. मी येणारही नाही, आणि सर्दीबिर्दीची थाप तुला मारायची नाही.

गेल्या हिवाळ्यात तुझा लेक लामार स्वतःच्याच दारात, गाडीच्या डिकीतून बर्फाचं फावडं काढत होता आणि पोलिसांनी चोर समजून त्याला आडवा पाडला. शेजारच्या खिडकीतून मी सगळं पाहिलं. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ते खोटं नव्हतं गं. म्हणून तर पोलिसांवर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमायचा ठराव तुम्ही मतदानाला आणलात, तेव्हा गल्लीतल्या गोऱ्यांच्या घरांपैकी पहिली पाटी माझ्या अंगणात लागली: 'ठरावाला हो म्हणा.' समोरच्या ग्लेनने टोमणा मारलाच, "काय डोरीन, चोर आला की समितीला फोन करणार वाटतं?" मी त्याला चांगला झापला. मग तुझ्या स्वयंपाकघरात बसून तो किस्सा रंगवून सांगितला आणि तुझा मक्याचा पाव दोनदा मागून घेतला.

ठराव एकोणीस मतांनी पडला. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. "एवढ्या गल्लीत तू एकटीच आमची गं," म्हणालीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काल लामार आला. गोठलेल्या मातीतून ती पाटी त्याने एका हाताने उपटून दिली. दुसरा अजून खांद्याच्या वर जात नाही. "जपून ठेवा मिस डोरीन, पुढच्या वेळी लागेल," म्हणाला. तो गेल्यावर मला बसवेना.

वर्नेटा, मी 'नाही'वर खूण केली. मतदानाच्या आडोशाला कुणी बघत नव्हतं. पेन हातात घेतलं आणि ग्लेनचं बोलणं आठवलं. माझं मागचं दार फोडून कुणीतरी आत येतंय, असं डोळ्यांपुढे आलं. तो काळा होता. आज लिहितेच आहे तर सगळं लिहिते, तो लामारच्याच अंगलटीचा होता. माझ्या घराची जादा किल्ली बारा वर्षं लामारच्या खिशात आहे, आणि दार फोडणारा म्हणून मला तोच दिसला.

तोंड दाखवायची लाज वाटणारी, तरीही तुझीच,
डोरीन