ऑर्मबी हाउसच्या बावीस खिडक्या

१२ सप्टेंबर २००८, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. सत्तेचाळिसाव्या वर्षी तरी माणसाने स्वतःशी प्रामाणिक राहावं. अंकुरला मराठी वाचता येत नाही आणि अनुपमाला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा कुलपाची गरज नाही.

निमित्त मोठं आहे. काल पेल्हॅमसाहेब वर्कशॉपवर आले होते. दुबईतले नामांकित आर्किटेक्ट. इंग्लंडात लिटल ऑर्मबी नावाच्या खेड्यात सव्वादोनशे वर्षांचं घर घेऊन त्यांनी चार वर्षं ते दुरुस्त केलं. जॉर्जियन घर. म्हणजे तिकडे ओळीने चार जॉर्ज राजे झाले, त्यांच्या काळातलं. (आमचे मल्याळी मॅनेजर राजन यांना वाटलं, मालक कोट्टयमचा कोणी जॉर्ज असणार.) त्या घराच्या बावीसच्या बावीस वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या इथे शारजा इंडस्ट्रियल एरियात, आमच्या जॉइनरीत, म्हणजे लाकूडकामाच्या कारखान्यात, बनल्या. प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर मी. म्हणजे एका अर्थाने माझ्याच.

आता घर विकायला काढलंय. साहेबांनी मला ब्रोशर दिलं आणि म्हणाले, यू मस्ट कम अँड सी इट समटाइम.

मस्ट. 'मे' नाही, 'शुड' नाही. मस्ट.

घरी सांगितलं. अंकुर म्हणाला, बाबा, ही वॉज जस्ट बीइंग पोलाइट. तेरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी व्याकरण येत नाही आणि आपण शाळेची एवढी फी भरतो. त्याचं ग्रामर रोज अर्धा तास घेणार.

किंमत साडेबारा लाख पौंड. म्हणजे एक्याऐंशी लाख दिरहम. म्हणजे दहा कोटी रुपये. अनुपमा म्हणाली, एवढ्यात डोंबिवलीत आख्खी गल्ली येईल. तिला वास्तुकलेतलं कळत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
ग्रामर उद्यापासून. रमजान चालू आहे, सगळ्यांच्याच वेळा बदलल्यात.

अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली म्हणे. राजन दिवसभर टीव्हीसमोर. मी सांगितलं, पंधरा दिवसांत सगळं जागेवर येईल, आणि दुबईला तर काही होणारच नाही. इथे दर खिडकीतून क्रेन दिसते.

ब्रोशर तीनदा वाचलं. सात बेडरूम. भिंत घातलेली बाग. एक 'बूट रूम', म्हणजे फक्त चपला काढायला वेगळी खोली. आमच्या अल् नहदाच्या बिल्डिंगमध्ये चपलांचं स्टँड दाराबाहेर ठेवलं तर वॉचमन शेजारच्या हव्वाबीच्या दारात नेऊन ठेवतो.

मग एकदम लक्षात आलं. साहेब दुबईत, घर तिकडे रिकामं. विकलं जाईपर्यंत कुणीतरी जबाबदार, सहकुटुंब, तिथे राहायला नको का? आणि घराची ज्याला आतून माहिती आहे असा माणूस कोण? साहेबांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं नाही, हीच इंग्रजांची रीत. इमेल पाठवला. दीड पानी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
साहेबांचं उत्तर आलं. हाउ काइंड. दोनच शब्द, पण वजनदार. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाले असते.

इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला सहज सांगितलं की आमचं इंग्लंडचं चाललंय. अनुपमाने मला गॅलरीत नेऊन विचारलं, अहो, कोण चाललंय इंग्लंडला? म्हटलं, तत्त्वतः. ती म्हणाली, तत्त्वतः जाताना चकल्यांचा डबा परत घेऊन या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दुबई रोड एकदम मोकळा झालाय. काल दीड तासाचा रस्ता चाळीस मिनिटांत. अखेर ट्रॅफिकवाल्यांनी काहीतरी ठोस केलं. असं प्रशासन आपल्याकडे हवं. राजन म्हणाले, सदानंद, माणसंच घरी गेली. ते फार निराशावादी आहेत.

आमच्या तीन टॉवरच्या दरवाज्यांच्या ऑर्डर रद्द. राजननी सांगितलं, कमी करायच्या दोन माणसांची नावं लिहून दे. अवघड काम. पण मॅनेजमेंटने माझ्यावर टाकलं, यातच सगळं आलं.

नावं पूर्ण विचारांती दिली. पॉलिशवाला लियाकत. आणि दगडू सुतार.

दगडू राजापूरकडचा, एकोणीस वर्षं गल्फमध्ये. हात चांगला आहे, नाकारत नाही. पण वाद घालतो. ऑर्मबीच्या खिडक्या करताना म्हणाला, साहेब, चौकटीत एक सूतभर जास्त फट सोडूया, तिकडं ओल असणार, लाकूड फुगतं, आमच्याकडं पावसात दारं लागत नाहीत. मी शांतपणे समजावलं की ड्रॉइंगमध्ये जेवढी फट आहे तेवढीच. शिवाय इंग्लंडचा पाऊस भुरभुर असतो, राजापूरसारखा नाही. त्याने ऐकलं, पण सगळ्यांसमोर मान हलवली. अशाने शिस्त बिघडते.

११ जानेवारी २००९, रविवार
ज्याची वाट पाहत होतो तो इमेल आला.

घराला गिऱ्हाईक लागलंय. त्यांच्यातर्फे घर तपासायला एक गृहस्थ आले. त्यांनी अकरा खिडक्या उघडून पाहिल्या. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. बारावीला त्यांचं मनगट मुरगळलं. एकही खिडकी हलत नाही. साहेब लिहितात, खिडक्या सुटल्या नाहीत तर गिऱ्हाईक मात्र सुटेल. घर आता विकलं गेलंच पाहिजे. ज्याने या खिडक्या केल्या त्या माणसाला ताबडतोब पाठवा.

'द मॅन हू मेड देम'. अनुपमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पण त्या तुम्ही कुठे केल्या? तिला सांगितलं, मोठ्या संस्थेत जो फाइल हाताळतो तोच कर्ता. तिने कणीक मळायला घेतली.

खिडक्या का अडकल्या? अर्थातच इंग्लंडच्या हवामानामुळे. ड्रॉइंगची काही चूक नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
शारजाच्या रोला बाजारातून ओव्हरकोट आणला. एकशेऐंशी दिरहम, म्हणजे चोवीसशे रुपये. दुकानदार म्हणाला, हबीबी, चार वर्षांत पहिला गेला. सवय व्हावी म्हणून एसी सोळावर ठेवून तासभर घालून बसलो. अंकुरने फोटो काढला. अनुपमा शाल घेऊन शेजारी जाऊन बसली.

१५ जानेवारी, गुरुवार
राजननी केबिनमध्ये बोलावलं. मी विचारलं, निघायचं कधी? ते म्हणाले, कोण? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, सदानंद, तुला रंधा मारता येतो का?

प्रश्नाचा रोख समजला. दगडूला पाठवायचंय. हरकत नाही, कामगारालाही संधी मिळायला हवी. अडचण एवढीच की दगडूचा व्हिसा पुढच्या आठवड्यात कॅन्सल होतोय, तो घरी निघालाय. लियाकत तर गेलासुद्धा. राजन म्हणाले, दगडूचं नाव तू लिहिलंस, आता थांबवायलाही तूच जा. यल्ला, चल लवकर.

१६ जानेवारी, शुक्रवार
सकाळीच कामगारांच्या कॅम्पवर गेलो. एका खोलीत सहा खाटा. दगडू टीव्हीच्या खोक्याला दोरी बांधत होता. मला खाटेवर बसवलं, बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला. मी कंपनीचा त्याच्यावर किती विश्वास आहे ते सांगितलं. तो ऐकत होता, दोरी ओढत होता.

मग म्हणाला, साहेब, माझं नाव कुणी लिहिलं?

मी म्हटलं, अरे, तसं कुणी लिहीत नाही. सिस्टममधून निघतं.

तो म्हणाला, असंल.

पुन्हा दोरी आवळू लागला. मग मीच खिडक्यांचं सांगितलं. त्याने दोरी सोडली. कुठं धरतात, खाली की बाजूला? म्हटलं, सगळीकडे. पाऊस किती दिवस आहे? म्हटलं, ऑक्टोबरपासून. त्याने पुन्हा तशीच मान हलवली, पण आज समोर कोणी नव्हतं म्हणून मी चालवून घेतलं.

त्याने घरी कळवून टाकलं होतं. गावी स्वतःचं दुकान घालायचं, बायकोने पडवी रिकामी करून ठेवलीय. वाटलं, नाहीच म्हणणार. मला घाम फुटला. खोलीत पंखा होता, तरीही.

शेवटी म्हणाला, बावीस खिडक्या माझ्या हातच्या आहेत. अडकलेल्या ठेवून घरी गेलो तर झोप लागायची नाही. जातो.

माझी समजावण्याची हातोटी कामी आली.

४ फेब्रुवारी, बुधवार
राजनना पटवलं की दगडूला इंग्रजी येत नाही, तेव्हा सोबत दुभाष्या हवा. वैतागून म्हणाले, कर अर्ज, मिळाला तर जा. तत्त्वतः जिंकलो.

व्हिसाचे दोन्ही फॉर्म मीच भरले. दगडूचा दहा मिनिटांत झाला. धंदा: सुतार. काम: खिडक्या सोडवणे. मुदत: तीन आठवडे. फारच कोरडा वाटला, पण त्याच्याबद्दल लिहिणार काय?

माझ्या फॉर्ममध्ये जागा पुरेना, दोन पानं जोडली. ऑर्मबी हाउसशी असलेलं माझं नातं, घराची देखभाल कशी व्हावी याबद्दलचे विचार, आणि शेवटी नम्रपणे: गरज पडल्यास मी सहकुटुंब तेथे कायम राहण्यासही तयार आहे. अधिकाऱ्यांवर छाप पडलीच पाहिजे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दगडूचा व्हिसा आला.

माझा अर्ज नामंजूर. अर्जदार मुदतीत परत जाईल अशी अधिकाऱ्यांची खात्री पटलेली नाही. माझ्याच दोन पानांतलं शेवटचं वाक्य त्यांनी पत्रात उतरवलंय. अधोरेखित करून.

अनुपमाने कोट घडी करून पलंगाखालच्या बॅगेत ठेवला. एवढी सहानुभूतीही नको होती.

६ मार्च, शुक्रवार
दगडूला एअरपोर्टवर सोडलं. रंधा आणि पटाश्या गोणपाटात गुंडाळून बॅगेत. मी कागदावर वीस इंग्रजी वाक्यं लिहून दिली. त्याने वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, लाकडाला भाषा लागत नाही साहेब. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, कागद पुन्हा काढून एकदा वाचला.

५ एप्रिल, रविवार
राजननी मेल वाचून दाखवला. बावीसही खिडक्या एका बोटाने उघडतात. घर विकलं गेलं, थोडं कमी किमतीला. नव्या मालकिणीने दगडूकडून जिन्याचा कठडाही करून घेतला, म्हणून आठवडाभर जास्त ठेवून घेतलं. तो मंगळवारी परत येतोय. राजन त्याला फोरमन करताहेत.

मी अभिनंदन करायला दुबईला पेल्हॅमसाहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेब लॉबीत खोक्यांमध्ये उभे होते. ऑफिस बंद होतंय. ऑगस्टपासून घराचं तोंडही पाहिलं नाही, दुबईतून हलायलाच मिळालं नाही, म्हणाले. चेहरा उतरला होता. चार वर्षं माणसाने त्या घरावर जीव लावला, आणि शेवटचं पाहायलाही गेला नाही. ते म्हणाले, मिस्टर दगडूंना माझे आभार सांगा. मग विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीतले?

बहुधा टेन्शनमुळे.

परत आलो तर राजन थांबले होते. म्हणाले, यादीत दोन नावं लागतात. दगडूचं काढलं, एक जागा रिकामी आहे. मी म्हटलं, विचार करून उद्या नाव देतो. ते म्हणाले, नको सदानंद. या वेळी मी लिहिलंय.

२४ एप्रिल, शुक्रवार
सामान बांधून झालं. उद्या पहाटे साडेसहाचं विमान. अनुपमा डोंबिवलीच्या शाळेत फोन करून अंकुरच्या ॲडमिशनचं सगळं ठरवून मोकळी झाली, मला आज कळलं. मराठी विषय घ्यावा लागणार म्हणून अंकुर रागात आहे.

संध्याकाळी दगडू भेटायला आला. नवा शर्ट. अनुपमासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिने विचारलं, कसं होतं हो घर? तो म्हणाला, घर चांगलं आहे वहिनी, फार गार. मी जरा सहज विचारलं, पेल्हॅमसाहेबांनी माझी काही चौकशी केली का? दगडूने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, केली ना. दिवाणखान्यात उभे होते, खिडकी वर केली आणि म्हणाले, सदानंदसाहेब नसते तर हे झालं नसतं. नीट सांगा त्यांना, म्हणाले.

मला फार बरं वाटलं. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तर अंकुर बॅगेवर बसला होता. म्हणाला, बट बाबा, मिस्टर पेल्हॅम वॉज इन दुबई द होल टाइम. यू ओन्ली टोल्ड अस.

मी म्हटलं, बॅगेवरून ऊठ, चेन तुटेल.

खोटं होतं तर. आणि माझ्यासाठी.

दगडूचं नाव सिस्टमने नाही, मी लिहिलं. सूतभर फट मीच सोडू दिली नाही. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय. चप्पल घालून खाली गेलो, जिन्याने. कॅम्पची बस नुकतीच सुटली होती.

उद्या निघायच्या आधी फोन करून त्याला स्पष्ट सांगणार. पण पहाटे तो झोपलेला असेल. मग एअरपोर्टवरून. नाहीतर घरी पोचल्यावर, जरा स्थिरस्थावर झालं की.